इंग्रजी राहिलं, म्हणून शिक्षण राहिलं

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीत घरोघर एक वाक्य ऐकू येतं, ‘पोरीचं इंग्रजी राहिलं.’ मुलाचं राहिलं तर त्याला शिकवणी लावतात, पुन्हा फॉर्म भरतात. मुलीचं राहिलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘आता स्थळं बघायला लागू.’ २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. ही लग्नं इंग्रजीच्या पेपरामुळे झाली असं मी म्हणत नाही. गरिबी आहे, हुंडा आहे, वयात आलेल्या मुलीची धास्ती आहे. पण घरच्यांना निमित्त हवं असतं, आणि ते बोर्डाच्या शिक्क्यासकट हातात मिळतं. म्हणून हा पेपर नेमकं काय तपासतो हे विचारणं फक्त शिक्षणतज्ज्ञांचं काम नाही. ते आपलंही काम आहे.

संध्याकाळच्या वर्गात मी बायकांना इंग्रजी शिकवते. १७ नंबरचा फॉर्म भरून त्या दहावीला बसतात. कुणी धुणंभांडी करते, कुणी अंगणवाडीत मदतनीस आहे. मदतनिसाची सेविका व्हायचं तर आता बारावी लागते, आणि बारावीची वाट दहावीतून जाते. मुलीला नर्सिंगला घालायचं तर जीएनएमसाठी बारावीला इंग्रजी असावं लागतं. तेव्हा ‘इंग्रजी काढूनच टाका’ असं सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’त इंग्रजीला माऊली म्हटलं, ते उगाच नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षर नाकारलं गेलं, त्यांना ही भाषा हवीच आहे. माझं भांडण परीक्षेशी आहे.

पेपरात मुख्यतः तीन गोष्टी असतात : व्याकरण, उतारा आणि लेखन.

व्याकरणात वाक्यं फिरवायची असतात. ‘टू’ काढून टाका, ‘नो सूनर’ने सुरुवात करा, कर्तरीचं कर्मणी करा. वर्गातल्या बायका हे गणितासारखं पाठ करतात. कर्म पुढे आणायचं, क्रियापदाचं तिसरं रूप, मग ‘बाय’. अर्थ कुणी विचारत नाही. खरं तर कर्मणी प्रयोग बायकांनी अर्थासकट शिकावा असाच आहे. ‘तिला जाळलं गेलं’ या वाक्यात जाळणारा कुठे आहे? इंग्रजीत ‘बाय’पासूनचा तुकडा गाळला की गुन्हेगारच वाक्यातून नाहीसा होतो. बातम्यांत आणि सरकारी कागदांत हे रोज घडतं. एवढं समजलं तर व्याकरण हे हत्यार आहे. पण परीक्षेत त्याला एक गुण, आणि तोही फक्त रूप बरोबर आलं म्हणून.

उताऱ्याचं तर विचारू नका. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची, ही युक्ती शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगतात. अक्षरही न कळता गुण मिळतात. उलट औषधाच्या पट्टीवरची मुदत वाचणारी, मुलाच्या शाळेची इंग्रजी नोटीस दोनदा वाचून अर्थ लावणारी बाई परीक्षेत अडखळते. कारण तिला कळलेलं असतं मराठीत आणि उत्तर द्यायचं असतं इंग्रजीत. मग तपासलं काय, वाचन की लेखन?

आणि निबंध! गाईडमधला ‘माय मदर’ आठवून पाहा. ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांचं करते, कधी कुरकुर करत नाही. आमच्या वर्गातली एक ताई पहाटे चारला उठून फुलांचे हार करते, दारुड्या नवऱ्याशी भांडते, सावकाराला तोंड देते. तिने निबंधात मात्र गाईडमधली न कुरकुरणारी आई लिहिली. मी विचारलं, ‘ताई, स्वतःबद्दल का नाही लिहिलंत?’ ती म्हणाली, ‘बाई, माझ्या वाक्यात चुका होतात. पुस्तकातल्या आईत होत नाहीत.’ ही परीक्षा बाईला तिचं स्वतःचं सांगू नकोस असं शिकवते, तेही दोन भाषांच्या ओझ्याखाली.

राहता राहिलं बोलणं. ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी, अंतर्गत. २०१९ साली हे अंतर्गत गुण काढून टाकले. आदल्या वर्षीचा ८९.४१ टक्के निकाल ७७.१० वर आला. अभ्यासक्रम नवा होता हेही कारण होतंच. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. वाद झाला तो गुणांची खिरापत वाटावी की नाही यावर. मुलींना इंग्रजी बोलता येतं का, ते कुणी प्रामाणिकपणे ऐकतं का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकून ‘माझी मजुरी दिलेली नाही’ एवढं इंग्रजीत म्हणता येऊ नये, हा दोष मुलीचा कसा?

मग काय मागायचं? माझ्या मते तीन गोष्टी. वाचनाचा उतारा कथेबरोबरच पगाराच्या पावतीचा, दवाखान्यात सही घेतात त्या संमतीपत्राचा असावा, आणि समजलं की नाही याचं उत्तर मराठीत लिहायची मुभा असावी. व्याकरणाची चूक अर्थ बिघडवत असेल तरच गुण कापावेत. निबंधात पाच वाक्यं असली तरी चालतील, पण ती स्वतःची असावीत. पाठ केलेल्या दोन पानांपेक्षा त्यांना जास्त गुण मिळावेत.

पण परीक्षा बदलेपर्यंत मुली थांबणार नाहीत. निकालाच्या आठवड्यात आपल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन एवढं तरी सांगायला हवं : एका किंवा दोन विषयांत नापास झालेल्या मुलीला एटीकेटीने अकरावीत बसता येतं. राहिलेल्या विषयाची फेरपरीक्षा त्याच वर्षी होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकेक विषय करत पाच वर्षांत दहावी पूर्ण करता येते, आणि तिथे इंग्रजी घ्यायचं की नाही ते मुलगी ठरवते. पुढे नर्सिंगसारखी वाट धरायची असेल तर मात्र घ्यावं. कित्येक आईबापांना यातलं काहीच माहीत नसतं. शाळेतूनही कुणी सांगत नाही.

पस्तिसाला दोन-चार गुण कमी पडले, एवढाच त्या निकालाचा अर्थ आहे. त्यात मुलीची अक्कल मोजलेली नाही आणि तिच्या लग्नाची तारीखही लिहिलेली नाही. हे त्या घरात जाऊन, तिच्या बापासमोर, मोठ्याने म्हणायला आपल्यापैकी कुणीतरी हवं.