हरवले ते शोधावे कोणी?

२०२४ च्या आषाढी वारीत पंढरपुरास गेलेला एक काळा कुत्रा पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यात यमगर्णी नावाचे गाव आहे. तेथील एक वारकरी जूनअखेर पायी पंढरीस निघाले, तेव्हा ‘महाराज’ या नावाने ओळखला जाणारा हा कुत्राही त्यांच्यामागून चालत गेला. विठ्ठलाचे दर्शन घेऊन पाहतात तो कुत्रा दिसेना. तो दुसऱ्याच मंडळींबरोबर गेला, असे लोकांनी सांगितले. शोधूनही सापडेना, म्हणून ते १४ जुलैस गावी परतले; आणि दुसऱ्याच दिवशी महाराज शेपटी हलवीत दारात उभे! सुमारे २५० किलोमीटरांची वाट त्या मुक्या जीवाने तुडविली होती. गावाने त्याला हार घातला, जेवणावळ घातली.

गावकऱ्यांनी केले ते योग्यच केले. परंतु अशा हकीकती ऐकून आपली एक समजूत होऊन बसते, ती मला खटकते. जनावर इमानी असेल तर आपल्या पायांनी परत येईल. आणि न आले, तर ‘कोणीतरी उचलून नेले असेल’ एवढे म्हटले की आपण मोकळे. परत येण्याचे सारे ओझे हरवलेल्यावरच! यमगर्णीच्या त्या गृहस्थांनी परक्या क्षेत्री, वारीच्या अफाट गर्दीत शोध तरी घेतला. आपण आपल्या गल्लीतही घेत नाही.

हे मी केवळ इतरांस उद्देशून म्हणत नाही. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरून आमचे मांजर घरातून पळाले. त्याला रेल्वे फाटकाकडे जाताना पाहिले, असे शेजारच्या एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले. मी दोन संध्याकाळी फाटकापर्यंत फेरी मारली आणि तिसऱ्या दिवशी निवांतपणे वह्या तपासावयास बसलो. धाकटी मुलगी मात्र ऐकेना. तिचे म्हणणे असे की, बाबा गोंगाटाच्या वेळी शोधतात आणि हाका मराठीत मारतात! आमच्या घरात कोकणी बोलतात. मांजराला ‘यो, यो’ एवढेच ठाऊक. पाचव्या रात्री, गल्ली निजल्यावर, बॅटरी घेऊन आम्ही दोघे निघालो. तिसऱ्याच घराच्या परसात, लाकडांच्या ढिगाखालून क्षीण आवाज आला. पाच दिवस ते बिचारे आमच्यापासून पन्नास पावलांवर उपाशी बसले होते, आणि मी फाटकाकडे पाहत होतो.

पुढे वाचनात आले की, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,२१० हरवलेल्या मांजरांची माहिती गोळा करण्यात आली होती. जी सापडली, त्यांपैकी सुमारे पाऊण मांजरे सुटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आतच मिळाली. भ्यालेले मांजर बहुधा जवळच्याच सांदीत दडते आणि ओळखीच्या हाकेलाही पुष्कळदा ओ देत नाही. म्हणून शेजाऱ्याला ‘पाहिलेत का?’ असे विचारून भागत नाही. परवानगी घेऊन त्याची अडगळ स्वतः उपसावी लागते. कुत्र्याचे निराळे. तो धावत सुटला की दूर जातो. तेव्हा दूधवाला, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, पहाटे फिरावयास जाणारे, यांस गाठावे. गळ्यातील पट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक असेल तर अर्धे काम आधीच झालेले असते. पण नाव ठेवताना चार दिवस खल करणारे आपण, पट्ट्याचे मात्र उद्यावर टाकतो.

शेजारचे गृहस्थ अजूनही म्हणतात की, फाटकाकडे गेलेले मांजर आमचेच होते.