कॉलेजची बस इलेक्ट्रिक करताय? आधी किलोमीटर मोजा



शाळा-कॉलेजांना बस पुरवणारे हल्ली एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, विद्यापीठ म्हणतंय इलेक्ट्रिक गाड्या आणा. कर्ज काढू का?"

माझं स्पष्ट मत: नुसत्या एक वर्षाच्या वर्क ऑर्डरवर अजिबात काढू नका.

वही घ्या. समजा तुमची बस दिवसाला ६० किलोमीटर धावते, वर्षात २२० दिवस. डिझेलचं ॲव्हरेज ४, भाव ९० रुपये धरा. रोजचे १,३५० रुपये. इलेक्ट्रिकला किलोमीटरमागे एक युनिट, १२ रुपये दराने ७२० रुपये. वाचले ६३०. म्हणजे वर्षाला जेमतेम १ लाख ३९ हजार! गाडीच्या किमतीतला फरक ३० लाख असेल, तर तो फिटायला एकवीसहून जास्त वर्षं जातील. तोवर बस भंगारात. आता तीच बस रोज १८० किलोमीटर, ३०० दिवस पळवा. वर्षाला साडेपाच लाखांच्या वर वाचतात, फरक साडेपाच वर्षांच्या आत निघतो. (व्याज धरलेलं नाही, ते तुम्ही धरा.)

लोक परदेशातली उदाहरणं देतात. कॅलिफोर्नियातल्या यूसी अर्वाइन विद्यापीठाने २०१८ च्या सुमारास बससेवा पूर्ण इलेक्ट्रिक केली. २० बस, खर्च साधारण दीड कोटी डॉलर. चांगलंच काम आहे. पण ती बससेवा तेव्हा तिथल्या विद्यार्थी संघटनेची होती, कंत्राट हातचं जाईल ही भीती तिला नव्हती. तुम्हाला आहे. आपल्या पुण्यात पीएमपीएमएलने २०१९ मध्ये इलेक्ट्रिक बस आणल्या, त्याही ठेकेदाराच्या. पण त्यांना दर किलोमीटरमागे आणि करार दीर्घ मुदतीचा. म्हणून तर ठेकेदार पैसे घालतो.

तेव्हा कॅम्पसमध्ये दिवसभर फिरणारी छोटी गाडी आधी इलेक्ट्रिक करा. सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी मारणारी लांबची बस सीएनजीवर चालू द्या, पंप वाटेत असेल तर. विद्यापीठाला ती बसही इलेक्ट्रिकच हवी असेल, तर कर्जाच्या मुदतीएवढा करार आणि किमान किलोमीटरची हमी मागा. संकोच कसला? चार्जर कोणाच्या जागेत, महावितरणकडे वाढीव लोडचा अर्ज कोण करणार, उन्हाळ्याच्या सुट्टीत हप्ता कशातून जाणार, हे सगळं सही करायच्या आधी लेखी घ्या.