चाकांवरचे शयनगृह आणि त्यातील हवा

सुट्टीत मुलांसह सायकली घेऊन बाहेर पडावे, रात्री निवासाच्या शोधात हिंडावे लागू नये आणि झोपण्याची जागा आपल्याच मोटारीमागून यावी, ही कल्पना आता महाराष्ट्रातील कुटुंबांनाही परकी राहिलेली नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे या हौसेला एक प्रकारची मान्यताही मिळाली. मात्र तयार कॅरव्हॅन सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. हाताला सुतारकामाची सवय असलेल्या माणसाचे लक्ष मग साहजिकच घरी बांधता येईल अशा लहान गाडीकडे वळते. ‘टिअरड्रॉप कॅम्पर’ या नावाने ती ओळखली जाते. आडव्या ठेवलेल्या थेंबाप्रमाणे पुढे गोलाकार आणि मागे उतरती अशी ही दोन चाकांची पेटी अमेरिकेत १९३०च्या दशकात लोकप्रिय झाली, आणि तिचे आराखडे हौशी कारागिरांसाठीच्या मासिकांतून छापले जाऊ लागले.

तिच्या लोकप्रियतेचे एक कारण प्लायवूडच्या मापात आहे. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशा फळीतून तिची बाजू जवळजवळ न कापता निघते. पुढच्या भागात दोघांच्या झोपण्याची जागा आणि मागच्या बाजूस वर उघडणाऱ्या झाकणाखाली छोटे स्वयंपाकघर, एवढाच तिचा संसार. परभणी–जिंतूर रस्त्यावरील झरीसारख्या गावात राहणाऱ्या कुटुंबाने ती बांधायची ठरवली, तर त्यात अशक्य असे काही नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे सांगाडे जोडणारे वेल्डर आणि चौकटी बसवणारे सुतार आपल्याकडे दुर्मीळ नाहीत, आणि सायकली घेऊन जाण्याजोगी येलदरीचे जलाशय किंवा औंढा नागनाथ ही ठिकाणेही एका दिवसाच्या टप्प्यात आहेत. प्रश्न उरतो तो आरोग्याचा. ज्या पेटीत आपले कुटुंब आठ तास दार लावून झोपणार, तिच्यात श्वासासाठी काय शिल्लक राहते, हे पेटीला रंग देण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

पेटीतील हवेचा हिशेब

स्वयंपाकघराचा भाग आणि छताचा उतार वजा केला, तर अशा गाडीच्या झोपण्याच्या कप्प्यात सुमारे अडीच घनमीटर, म्हणजे २,५०० लिटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोघांचे मिळून २४ लिटर झाले. पेटी पूर्णपणे बंद असेल, तर पहिल्याच तासात या वायूचे प्रमाण एक टक्क्याच्या जवळ पोहोचेल. बाहेरच्या मोकळ्या हवेत ते दर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. येथे ते १०,००० होते. कोणतीही घरगुती पेटी इतकी हवाबंद नसते, हे खरे. तरीही सकाळी डोके जड होणे, झोप होऊनही थकवा जाणवणे, या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा गादीत नसून या कोंडलेल्या हवेत असते.

हे प्रमाण दर दहा लाख भागांत १,०००च्या आसपास राखायचे असेल, तर दोघांसाठी ताशी सुमारे ४० घनमीटर ताजी हवा आत यावी लागते. याचा अर्थ कप्प्यातील सगळी हवा तासाला १६ वेळा बदलली पाहिजे. आकडा मोठा वाटला, तरी उपाय साधा आहे. एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर अशा दोन झरोक्यांची सोय करावी आणि वरच्या झरोक्यात संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा लहान पंखा बसवावा. झरोक्यांना डासांची जाळी हवीच. पण बारीक जाळीमुळे हवेचा प्रवाह बराच घटतो, म्हणून झरोका गरजेपेक्षा दुप्पट ठेवलेला बरा. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात सुमारे अर्धा लिटर पाणीही बाहेर पडते. ते थंडीत छतावर साचून लाकडात मुरते आणि बुरशीला आमंत्रण देते. दम्याच्या रुग्णासाठी ही बुरशी विशेष त्रासदायक ठरते.

आपल्या जुन्या प्रवासी वाहनांना हा प्रश्न पडलाच नाही. दमणीवर छप्पर असे, पण तिचे दोन्ही तोंडे मोकळी असत. दर हिवाळ्यात मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे हाल अनेक आहेत. तरी त्यांच्या कोपीच्या पाचटातून निदान वारा आरपार जातो. प्लायवूड आणि सिलिकॉनने शिवलेली पेटी तशी नसते, आणि ती जितकी नेटकी बांधावी तितका तिचा हा दोष वाढत जातो.

न दिसणारा धूर

कार्बन डायऑक्साइडमुळे अस्वस्थता येते. कार्बन मोनॉक्साइड मात्र जीव घेतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये दोन तरुण मृतावस्थेत आढळले. जनित्राचा धूर तळातील छिद्रावाटे आत शिरल्याचे तपासात पुढे आले. ती गाडी व्यावसायिक बनावटीची आणि या पेटीपेक्षा कितीतरी मोठी होती.

हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. आरंभी डोकेदुखी, मळमळ, चक्कर अशी लक्षणे दिसतात आणि माणूस ती जेवणावर किंवा प्रवासाच्या शिणावर ढकलतो. झोपलेल्या माणसाला तर तीही जाणवत नाहीत. बोटाला लावण्याचे साधे ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्त भासते आणि पडद्यावर आकडा उत्तम दिसत राहतो. एकाच वेळी दोघांचे डोके दुखू लागले, तर कारण हवेत आहे असे समजून ताबडतोब बाहेर पडावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम साधारण तास-दीड तासात होते. म्हणून ‘थोडे पडून राहिले की बरे वाटेल’ हा विचार येथे घातक आहे.

परभणीची थंडी सौम्य समजू नये. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो, आणि अशा रात्री कोळशाची शेगडी आत घेण्याचा मोह होतो. या मोहाला कोणत्याही सबबीवर वाव नसावा. शेगडी, गॅस, मेणबत्ती, धूप यांपैकी काहीही झोपण्याच्या कप्प्यात पेटता कामा नये. डासांसाठी कॉइलही नको. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत मिसळतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते. आणि तो अभ्यास अडीच घनमीटरच्या पेटीसाठी नव्हता. जाळी नीट बसवली, तर कॉइलची गरज उरत नाही. थंडीसाठी जाड गोधडी, कानटोपी आणि झोपण्यापूर्वी अंथरुणात ठेवलेली गरम पाण्याची पिशवी पुरेशी असते.

टिअरड्रॉपच्या मूळ रचनेत स्वयंपाकघर मागे आणि उघड्यावर ठेवलेले असते. ती शहाणपणाची गोष्ट आहे आणि तिच्यात सुधारणा करू नये. सिलिंडर त्या मागच्या कप्प्यातच राहू द्यावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचतो. म्हणून त्या कप्प्याच्या तळाला कायम उघडे राहणारे छिद्र ठेवावे आणि तो व झोपण्याचा कप्पा यांमधील फळीत एकही फट राहू देऊ नये. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारायंत्र उशीच्या उंचीवर बसवावा.

लाकडातून येणारा वास

नव्या प्लायवूडचा उग्र वास अनेकांना परिचित आहे. स्वस्त प्लायवूडमधील युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंकातून फॉर्माल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, दम्याचा जोर वाढणे हे त्याचे नजीकचे परिणाम आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्याला कर्करोगजनक पदार्थांत गणले आहे. अमेरिकेत २००५च्या कॅटरिना वादळानंतर बेघर कुटुंबांना ट्रेलर-घरे देण्यात आली, तेव्हा हा विषय फार गाजला. तपासलेल्या ५१९ घरांत या वायूचे सरासरी प्रमाण हवेच्या दर अब्ज भागांत ७७ भाग असल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेची घरातील हवेसाठीची मर्यादा सुमारे ८० भाग आहे. याचा अर्थ कित्येक घरे त्या मर्यादेपलीकडे होती. ही मोजणी हिवाळ्यातील होती, आणि उष्णतेने वायू सुटण्याचा वेग वाढतो. मे महिन्यात ४४ अंशांपर्यंत तापणाऱ्या परभणी जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही.

प्लायवूड घेताना म्हणूनच आयएस ७१० मानकाचे, फिनॉलिक डिंकाचे घ्यावे. त्यातून हा वायू बराच कमी सुटतो आणि पावसातही ते टिकते. कापलेल्या सर्व कडा रंगाने वा वॉर्निशने बंद कराव्यात. गाडी पूर्ण झाल्यावर दोन-तीन आठवडे दारे उघडी ठेवून तिला ऊन-वारा लागू द्यावा आणि मगच त्यात झोपावे. बाहेरून पांढरा रंग दिल्यास आतील ताप कमी होतो. तरीही उन्हात उभ्या गाडीत मुलांना क्षणभरही सोडू नये. बंद वाहनातील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते.

सायकली कोठे ठेवाव्यात?

साधी भारतीय सायकल २० किलोंच्या आसपास भरते. छतावर सायकल चढवायची, तर एवढे वजन खांद्यावर उचलून हात पुढे ताणावे लागतात. कंबर आणि खांदे दुखावण्याचा हा हमखास मार्ग आहे, आणि तोही दिवसभर सायकल चालवून स्नायू थकलेले असताना. मागच्या झाकणावर सायकली टांगल्या, तर स्वयंपाकघर अडते आणि गाडीचा तोल मागे झुकतो. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग मोटारीला जोडणाऱ्या दांड्यावर राहिला नाही, तर मागची गाडी वेगात डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागते.

योग्य जागा पुढची आहे. जोडदांड्याच्या त्रिकोणी सांगाड्यावर कमरेच्या उंचीखाली दोन सायकलींचा स्टँड बसवावा. वळताना सायकली मोटारीला घासत नाहीत, हे सांगाडा पक्का करण्यापूर्वी तपासावे. दुसरा पर्याय गादीखालील खणाचा आहे. पुढचे चाक आणि पॅडल काढून सायकल आडवी सरकवता येते. त्यासाठी गादी सुमारे ३५ सेंटिमीटर वर घ्यावी लागते आणि छतही तेवढेच उंच करावे लागते. अन्यथा झोपण्याच्या कप्प्यातील हवा आणखी कमी होते. खणाचे दार बाहेरून उघडावे, म्हणजे चिखल आणि वंगण अंथरुणापर्यंत पोहोचत नाही. विजेवर चालणारी सायकल असेल, तर तिची बॅटरी माणसे झोपलेली असताना आत चार्ज करू नये.

कुटुंबाचा विचार

चार फुटांत दोन प्रौढ झोपतात, चौघे नव्हे. मुलांना मध्ये दाबून निजवण्यापेक्षा शेजारी लहान तंबू उभारावा. आजी-आजोबा सोबत असतील, तर दाराचा उंबरठा जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर, खुर्चीच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे बसून पाय आत घेता येतात. रात्री लघवीला उठावे लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी धरायला दाराशी मजबूत कडी आणि पायाशी दिवा असावा. गाडी चालत असताना आत कोणीही बसू नये. तेथे ना आसन असते, ना पट्टा.

मोटार वाहन कायद्यातील व्याख्येप्रमाणे ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणून सांगाड्याला हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणीच्या अटी विचाराव्यात आणि आपली मोटार किती वजन ओढू शकते, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. लोखंड कापून झाल्यावर केलेली चौकशी महाग पडते.

वाचकहो, गाडी तयार झाली की पहिली रात्र प्रवासात घालवू नका. ती आपल्याच अंगणात काढा. दोन्ही झरोके उघडे, पंखा चालू, आत एकही ज्योत नाही आणि इशारायंत्र जागे, एवढे पाहून दार लावा. सकाळी छताच्या आतील बाजूवरून हात फिरवा. हात ओला झाला किंवा डोके जड वाटले, तर झरोका वाढवायला सुताराचे घर गावातच आहे. येलदरीच्या काठावर ती सोय नसेल.