पोपट हवा, पोपटपंची नको

आपल्या मंडळाच्या बालवर्गात मराठीचा धडा संपला की शेवटचा अर्धा तास चित्रकलेचा असतो. प्रत्यक्षात होते काय, तर छापील चित्राच्या झेरॉक्स प्रती वाटल्या जातात आणि मुले त्यात रंग भरतात. रंग रेघेबाहेर गेला नाही की शाबासकी. मुले शांत बसतात, तेवढ्यात मोठ्यांचा चहा होतो, खुर्च्या आवरून होतात. सोय सगळ्यांचीच होते. पण त्या अर्ध्या तासात मुलांच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघत नाही. खडूंची मागामागीसुद्धा जर्मनमध्ये! हा अर्धा तास आपण वाया घालवत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर एक साधा उपाय सुचवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

उपाय असा : झेरॉक्स बंद करावी, प्रत्येक मुलाला कोरा कागद द्यावा आणि एक पोपट काढायला शिकवावा. हुबेहूब पोपट नव्हे; कार्टूनमधला, डोळे वटारणारा, बोलणारा पोपट.

पोपटच का? कारण तो इथे आहे. लुडविग्सहाफेनमध्ये राहणाऱ्याला संध्याकाळी कलकलाट करत डोक्यावरून जाणारा हिरवा थवा काही नवा नाही. लुडविग्सहाफेन, मानहाइम, हायडेलबर्ग या भागात हे पोपट १९७०च्या दशकापासून आहेत. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांची ही प्रजा. झाडांच्या ढोलीत घरटी करतात आणि इथला हिवाळाही काढतात. जर्मन लोक त्याला हाल्सबांडसिट्टिश म्हणतात, म्हणजे गळ्यात पट्टा असलेला पोपट. आपल्याकडे पेरूच्या बागेवर धाड घालणारा राघू तो हाच, जातसुद्धा एकच. आजीने तिकडे अंगणात पाहिलेला आणि नातवाने इथे शाळेच्या वाटेवर पाहिलेला पक्षी एकच असावा, असे भाग्य फार थोड्या गोष्टींच्या वाट्याला येते.

शिकवणे अवघड नाही. डोक्यासाठी एक अंडे, अंगासाठी दुसरे, थोडे मोठे आणि कलते. त्याला लांबलचक निमुळती शेपूट. चोच बाकदार, वरची मोठी, खालची लहान. मग गळ्याभोवती कंठ. इथे मुलांना सांगावे की ठळक कंठ फक्त मोठ्या नराला असतो. ज्याला मादी काढायची असेल त्याची तेवढी मेहनत वाचली. पायाची बोटे दोन पुढे, दोन मागे. चिमणीची तीन पुढे, एक मागे. आपल्या बोटांनी पेन्सिल तशी पकडून पाहा म्हटले की वर्गात गोंधळ उडेल, पण धडा पक्का होईल. चोच, पंख, पिसे, शेपूट, कंठ, फांदी, ढोली, थवा एवढे शब्द एका चित्रात येऊन जातात आणि पाठ करावे लागत नाहीत.

खरी मजा त्यानंतर. डोळ्यावर चोचीकडे उतरणारी तिरकी रेघ दिली की पोपट रागावतो. तीच रेघ उलटी कलती केली की बिचारा होतो. पापणी अर्ध्यावर आणली की पेंगतो. बाकी चित्र तेच, बदलली ती एक रेघ. रागावला, रुसला, दचकला, कंटाळला हे शब्द शब्दार्थांच्या यादीतून शिकवायला गेले तर मुले स्वतःच कंटाळतात. इथे ती प्रत्येक शब्दाला चेहरा देतात.

आणि शेवटी चोचीजवळ एक फुगा काढायचा. पोपट काय म्हणतो ते त्यात मराठीत लिहायचे. माझ्या मते सगळे महत्त्व या फुग्याचे आहे.

आपली मुले मराठी समजतात, पण उत्तर जर्मनमध्ये देतात, ही घरोघरची कथा. याचे एक कारण आपणच आहोत. "माझा चप्पल हरवला" असे मूल म्हणाले की आपण कौतुकाने का होईना, हसतो, पाहुण्यांना सांगतो, भारतात फोन करून सांगतो. दोनदा असे झाले की मूल सुरक्षित वाट धरते. फुग्यात मात्र बोलतो तो पोपट. चूक झाली तर ती पोपटाची! "मला भूक लागला" असे त्याने म्हटले तर म्हणू द्यावे. लाल पेन काढू नये. वर्गासमोर वाचून दाखवताना मावशींनी "मला भूक लागली" असे वाचावे, म्हणजे झाले. ज्याला अजून अक्षरे येत नाहीत त्याने सांगावे, मोठ्या मुलांनी लिहावे.

गणेशोत्सवात आपली मुले रोमन लिपीतून पाठ केलेल्या कविता म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो. त्यालाही माझी हरकत नाही. पण अर्थ न कळता म्हटलेली दहा कडवी ही पोपटपंची झाली. त्यापेक्षा मुलाने स्वतःच्या डोक्याने लिहिलेले "पेरू दे, नाहीतर चावेन" हे चार शब्द मला मोलाचे वाटतात.

आता आक्षेप. पहिला, की चित्रे काढण्यात वेळ कशाला घालवायचा? चौथीनंतर गिम्नाझियमची शिफारस मिळायची तर गणित हवे. खुद्द शि. द. फडणीसांनी १९७०च्या दशकात बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रे काढली, हे आपल्यातले कितीतरी जण विसरलेले नसतील. हसत हसत गणित शिकता येते, तर मराठी का नाही?

दुसरा आक्षेप, की "आमच्या मुलाला चित्रकलेचा हात नाही". आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. पुढे त्यांचा कॉमन मॅन देशाने किती वर्षे रोज पाहिला ते सांगायला नको. त्यांचा आवडता पक्षी कावळा. लहानपणापासून त्यांनी तो निरखला आणि अखेरपर्यंत काढला. आणि रेघ वेडीवाकडी येते म्हणाल, तर आपल्या गावातल्या विल्हेल्म हाक म्युझियमची भिंत पाहून यावे. होआन मिरोची १९७९ सालची ती ५५ मीटर लांब रंगीत भिंत कुणाही मुलाला आपल्यापैकीच कुणीतरी काढली असे वाटायला लावते. पक्षी हा मिरोचाही जन्मभराचा विषय होता.

तिसरा आक्षेप, की शिकवणार कोण? आपल्यातल्या अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत. स्मरणचित्राच्या पेपरात जत्रा आणि पाणवठा काढलेल्यांना एक पोपट भारी नाही.

पोपट जमला की पुढच्या महिन्यात चिमणी घ्यावी. तीही इथली आणि तिथली एकच. त्यानंतर कावळा. तो मात्र वेगळा. आपल्याकडच्याची मान करडी, इथला नखशिखांत काळा. प्रत्येक चित्राचा फोटो आजी-आजोबांना पाठवावा आणि मग फोन मुलाच्या हाती देऊन आपण बाजूला व्हावे. "अरे, याची मान करडी का नाही?" असे आजी विचारेल. त्याचे उत्तर तिला जर्मनमध्ये देऊन चालणार नाही. आज व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" आणि "हो" यापुढे ज्यांचे संभाषण जात नाही, त्यांना बोलायला निदान एक विषय मिळेल. आजी-आजोबांची वये पाहता हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही.

एवढेच मागणे, की याची स्पर्धा करू नये, नंबर काढू नयेत, बक्षिसे ठेवू नयेत. कार्यकारिणीने तीन महिने हा प्रयोग करून पाहावा. पालकांनी कोरे कागद आणि मेणखडू मुलांबरोबर पाठवावेत. हिरवा खडू दोन आणावेत, तो लवकर संपेल. आणि चहा घेऊन झाला की पालकांनीही एक कागद घेऊन मुलांच्या शेजारी बसावे, ही विनंती.