विश्लेषण : बंद पडलेल्या ‘मल्टिक्स’चा सोर्स कोड खुला झाला, त्याचे मोल काय?

कॅनडातील हॅलिफॅक्स येथे तेथील संरक्षण खात्याकडे चालणारा ‘मल्टिक्स’चा शेवटचा संगणक ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाला. त्यानंतर सात वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. ज्या यंत्रावर तो चालायचा ते यंत्रच उरले नसताना कोड खुला करून काय साधले?

मल्टिक्स काय होते?

अमेरिकेतील एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर हा प्रकल्प हाती घेतला. कल्पना साधी, पण त्या काळासाठी धाडसी होती: वीज किंवा टेलिफोनप्रमाणे संगणकसेवा चोवीस तास मिळावी, एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि एकाच्या फाइल्स दुसऱ्याच्या हाती लागू नयेत. आज याला आपण क्लाउड म्हणतो. प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फर्नांडो कॉर्बाटो यांना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मोबाइलशी नाते कसे?

प्रकल्प रेंगाळला, खर्च वाढला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली. तिथल्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी मग छोटी, आटोपशीर युनिक्स लिहिली. तिचे नावही मल्टिक्सवर केलेली कोटीच. फोल्डरच्या आत फोल्डर ही रचना युनिक्सने मल्टिक्सकडून उचलली. अँड्रॉइडच्या गाभ्यातील लिनक्स युनिक्सच्या वळणावर बेतलेले, तर आयफोनच्या प्रणालीची मुळेही युनिक्समध्येच. म्हणजे फोनमधला फोटो ज्या फोल्डरात पडून असतो, त्या रचनेचे आजोळ इथे आहे.

कोड कोणाकडे होता?

जनरल इलेक्ट्रिकने १९७० मध्ये आपला संगणक व्यवसाय हनीवेलला विकला, पुढे तो फ्रान्सच्या बुल कंपनीकडे गेला. हनीवेलने १९८५ मध्येच मल्टिक्सचा पुढील विकास थांबवला होता. जगभरात जेमतेम ऐंशीच्या आसपास ठिकाणी बसवलेली ही प्रणाली विकायला कोणी शिल्लक नव्हते, त्यामुळे कोड कुलुपात ठेवून कंपनीचा काही फायदा नव्हता. तरी अशा वेळी बहुतेक कंपन्या कुलूप तसेच ठेवतात. बुलने एमआयटीमार्फत कोड दिला तो मोफत वापर, बदल आणि वाटप यांच्या मुभेसह. त्यातली एक अट: प्रत्येक प्रतीसोबत कॉपीराइटची नोंद आणि प्रणालीचा इतिहास जायला हवा. ही अट दाद देण्यासारखी आहे.

मग उपयोग काय?

सर्वात मोठा उपयोग सुरक्षेच्या अभ्यासाला. मल्टिक्सने सुरक्षेचे थर, म्हणजे ‘रिंग’, हार्डवेअरमध्येच आणले. आतल्या थराला जास्त अधिकार, बाहेरच्याला कमी. तरीही अमेरिकी हवाई दलासाठी पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी १९७४ मध्ये केलेल्या तपासणीत त्रुटी सापडल्या. कंपायलरमध्येच चोरदार लपवता येईल, हा इशाराही त्याच अहवालातला. पुढे १९८५ मध्ये मल्टिक्सला अमेरिकी सरकारच्या मूल्यांकनात ‘बी२’ ही श्रेणी मिळाली. हे सारे आता वाचून मान डोलावण्यापुरते राहिलेले नाही. बराचसा कोड पीएल/वन या उच्चस्तरीय भाषेत असल्याने तो माणसाला वाचता येतो, आणि ते दावे कोडमध्येच तपासता येतात.

एक अडचण होतीच. मल्टिक्सचे यंत्र ३६ बिटांचे, आजचा प्रोसेसर त्याच्या आज्ञा ओळखत नाही. मोडी वाचणारा नसेल तर दफ्तर नुसते कपाटात राहते, तसाच हा प्रकार. हौशी तज्ज्ञांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर लिहिला आणि २०१४ मध्ये मल्टिक्स साध्या संगणकावर पुन्हा सुरू झाले. कोड खुला नसता तर या खटपटीला अर्थच नव्हता.

खुल्या झालेल्या आवृत्त्या मात्र १९८० नंतरच्या आहेत. बेल लॅब्ज ज्या मल्टिक्सला कंटाळून निघून गेली, ते सुरुवातीचे रूप त्यांत नाही.