सात हजार डॉलरांचा चित्रपट

गेल्या वर्षीं इयत्ता दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं स्नेहसंमेलनासाठीं एक लहानसा चित्रपट तयार करण्याचें मनांत आणलें होतें. आठ दिवसांनीं त्यांनीं तो बेत सोडला. "सर, चांगला कॅमेरा नाहीं, दिवे नाहींत," असें कारण त्यांनीं सांगितलें. त्या वेळीं मीं त्यांस एका चित्रपटाची हकीकत सांगितली. तीच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहें.

१९९१ सालीं रॉबर्ट रॉड्रिग्ज नांवाच्या तेवीस वर्षांच्या तरुणानें अमेरिकेच्या सरहद्दीलगतच्या सिउदाद आकुन्या या मेक्सिकोंतील गांवीं 'एल मारियाची' हा स्पॅनिश भाषेंतील मारामारीचा चित्रपट घेतला. तो चित्रगृहांत झळकेल अशी त्याची अपेक्षाहि नव्हती. घरीं पाहावयाच्या व्हिडिओ-फितींच्या बाजारांत तो विकावा व त्या पैशांतून पुढचें चित्र काढावें, एवढाच हेतु होता. खर्च सुमारें सात हजार डॉलर आला. आणि त्यांतील बरीच रक्कम त्यानें एका औषध-संशोधन केंद्रांत स्वतःच्या शरीरावर प्रयोग करूं देऊन मिळविली. (हा मार्ग आमच्या विद्यार्थ्यांनीं अनुसरूं नये.)

कथानक साधें आहे. काळ्या पोशाखांतील एक गरीब गवई गिटारीची पेटी घेऊन काम शोधीत गांवांत येतो. त्याच सुमारास तुरुंगांतून निसटलेला एक गुंडहि काळ्याच पोशाखांत, तशीच पेटी घेऊन येतो. मात्र त्याच्या पेटींत बंदुका असतात. मारेकरी गवयाच्या मागें लागतात.

या चित्रपटाचा खरा गुण म्हणजे अडचणींतून काढलेली वाट. कॅमेरा उसना, व त्याचा आवाज मोठा. म्हणून संभाषण त्याच वेळीं ध्वनिमुद्रित करतां येईना. तेव्हां दृश्य संपल्यावर नटांकडून तींच वाक्यें पुन्हां म्हणवून घेऊन तीं टेपरेकॉर्डरवर उतरवीत. पुढें जेथें ओठ व शब्द जुळेनात, तेथें दिग्दर्शकानें चटकन् दुसऱ्या चेहऱ्यावर किंवा कुत्र्यावर दृश्य नेलें. चित्रपटाची जी चपळ गति सर्वांनीं वाखाणली, तिचा उगम निम्मा तरी या लबाडींत आहे! चालता कॅमेरा हवा तेव्हां दिग्दर्शक रुग्णाच्या चाकांच्या खुर्चींत बसला. पोकळ काडतुसांच्या बंदुका एका बारानंतर अडत. मग तोच बार निरनिराळ्या बाजूंनीं घेऊन गोळ्यांचा वर्षाव भासविला.

अभिनय बहुतांशीं कच्चा आहे. खलनायक तर औषध-केंद्रांत भेटलेला सोबती. त्याला स्पॅनिश येतहि नव्हतें. शिवाय 'सात हजार' हें पूर्ण सत्य नव्हे. कोलंबिया कंपनीनें चित्र विकत घेतल्यावर ध्वनि सुधारण्यांत व मोठी प्रत काढण्यांत याच्या अनेकपट पैसा ओतला, व तेंच रूप जगानें पाहिलें. १९९३ सालीं सनडान्स महोत्सवांत त्यास प्रेक्षकांचें पारितोषिक मिळालें, आणि २०११ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत त्याचा समावेश झाला.

परंतु माझा खरा आक्षेप निराळा आहे. या चित्रांत माणसें पटापट पडतात आणि कॅमेरा पुढें सरकतो. मेलेल्याचें नांव कोणी घेत नाहीं. नायिका डोमिनो ही बुद्धिमान, स्वतंत्र वृत्तीची स्त्री. अखेरीस नायकास सूड घेतां यावा एवढ्याचसाठीं तिला मारलें आहे, असें वाटतें. हा दोष गरिबीच्या माथीं मारतां येणार नाहीं. पडलेल्या माणसाजवळ क्षणभर थांबावयास एक छदामहि लागला नसता! आणि दिग्दर्शकास थांबतां येत नव्हतें असेंहि नाहीं. शेवटीं गवयाच्या हातावर गोळी झाडली जाते, आणि गिटार वाजविणारा तो हात कायमचा जातो. तेथें मात्र दुःख खरें वाटतें, आणि सबंध चित्रपटांत मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला.

पालकांस एवढेंच सांगावयाचें कीं, अमेरिकेंत १७ वर्षांखालील मुलांस हें चित्र वडील माणसावांचून चित्रगृहांत पाहतां येत नाहीं, व माझें मतहि त्याहून सैल नाहीं.

परवां नववीच्या मुलांनीं चित्रीकरणासाठीं शाळेच्या माळ्याची हातगाडी मागितली. ती मीं देवविली. कथेंत किती माणसें मरतात, एवढें मात्र विचारलें. "चार," असें उत्तर आलें. ही संख्या एकावर आणण्याविषयीं आमचीं बोलणीं चालूं आहेत.