सोपें गणित घेण्यापूर्वीं

गेल्या पंधरवड्यांत एका स्नेह्यांकडे आम्ही भोजनास गेलों असतां तेथें एका फॉर्मावरून वाद चालला होता. घरांतील कन्या केंद्रीय मंडळाच्या शाळेंत शिकते. दहावीस तिनें 'स्टँडर्ड' गणित घ्यावें कीं 'बेसिक', हा प्रश्न. आजोबा म्हणत, ज्यांत गुण अधिक मिळतील तें घ्यावें. काकूंचें म्हणणें, मुलीला एवढें गणित हवें कशाला? जिच्यासाठीं हा खल चालला होता, ती मात्र मुकाट्यानें वाढीत होती.

हा प्रश्न आतां अनेक घरीं उद्भवतो. म्हणून त्याचें स्वरूप समजून घेणें इष्ट. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें इ. स. २०१९ मध्यें ही योजना जाहीर केली व २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून ती अमलांत आणली. बेसिक घेतल्यास शिकावें कमी लागतें, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. योजनेप्रमाणें अभ्यासक्रम एक, वर्ग एक, पुस्तकही एकच. भेद काय तो मंडळाच्या प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा. पुढें गणित घेणारांनीं स्टँडर्ड द्यावें, ज्यांस तें नको त्यांनीं बेसिक, असा मूळ हेतु. बेसिक उत्तीर्ण होऊन मन पालटल्यास पुरवणी परीक्षेंत स्टँडर्ड देण्याची वाटही ठेविली होती. पुढें २०२०-२१ पासून अकरावीस 'अप्लाइड मॅथेमॅटिक्स' हा निराळा विषयही आला. वाणिज्य व सामाजिक शास्त्रें यांकडे जाणारांस तो उपयोगी. नियम वरचेवर पालटतात, सबब चालू वर्षाचें परिपत्रक शाळेंत पाहूनच निर्णय करावा.

परंतु नियमांहून मोठी गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलीस आम्हीच म्हटलें होतें, "बाळ, गणित तुझा प्रांत नव्हे." तिनें तें प्रमाण मानिलें. पुढें बँकेच्या परीक्षेसाठीं ती आमच्याकडे शिकावयास आली आणि दोन महिन्यांत सर्व उदाहरणें बिनचूक सोडवूं लागली. ती म्हणाली, "गुरुजी, तेव्हां मला एकदां विचारायला हवें होतें." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं 'लीलावती'तील कित्येक उदाहरणें एका बालिकेस उद्देशून घातलीं. आम्ही तो ग्रंथ जन्मभर शिकविला, पण त्यांतील हा बोध मात्र घेतला नाहीं.

म्हणून त्या दिवशीं पान वाढणाऱ्या कन्येसच आम्ही विचारलें, "तुझें काय मत ?" ती क्षणभर थबकली व म्हणाली, "आजोबा, दोन्ही प्रकारचे मागचे पेपर एकेकदां सोडवून पाहूं का ? मग ठरवूं."

घरांतील सर्व वडीलधाऱ्यांत हें एवढें शहाणपण कोणासच सुचलें नव्हतें. फॉर्म अद्याप कोराच आहे. आणि तो भरतांना लेखणी तिच्याच हातीं असावी, एवढेंच आमचें मागणें.